मंडळी म्हणजे कोण?

(नागपूर इथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला आज ‘ख्रिस्ती मंडळीतलं सामूहिक जीवन आणि नवी सुरुवात’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. स्त्री-संघटनांच्या बैठकीत चर्चचं काय काम, असं काहीजणींना वाटत असेल. मी गेली बरीच वर्षं रविवारी सकाळी उपासनेला जाते आणि आठवड्याचे बाकीचे दिवस तुमच्याबरोबर पोलीस ठाण्यात, कौटुंबिक न्यायालयात आणि मोर्चात असते. मंडळीतले लोक विचारतात, “त्या बायकांबरोबर कशाला फिरता?” आणि तुमच्यातल्या काहीजणी विचारतात, “अजून चर्चला जातेस?” या दोन्ही प्रश्नांमागचं गृहीत एकच आहे. बाईनं एक काहीतरी निवडावं, धर्म तरी नाहीतर हक्क तरी. माझं आजचं म्हणणं या गृहीताविरुद्ध आहे.

आधी शब्दाबद्दल. मराठी ख्रिस्ती माणूस ‘चर्च’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर इमारत असते. त्या इमारतीत जमणाऱ्या माणसांसाठी आपल्याकडे सुंदर शब्द आहे – ‘मंडळी’. पण जुन्या मराठीत ‘आमची मंडळी’ म्हणजे घरची बायको, हेही तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे एकाच शब्दात सगळा समाजही आला आणि ज्या बाईचं नाव घ्यायचं नाही ती बाईही आली. चर्चमधल्या बाईची गोष्ट थोडक्यात हीच आहे. मंडळी तिच्यामुळे उभी राहते आणि मंडळीच्या कागदावर तिचं नाव नसतं.

आपलं नागपूर ख्रिस्ती इतिहासात एका मोठ्या नव्या सुरुवातीचं गाव आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथल्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ म्हणजे सी.एन.आय.ची स्थापना झाली. सहा वेगवेगळ्या मंडळ्या त्या दिवशी एक झाल्या. अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांची आधीच एक झालेली मंडळी होती, बॅप्टिस्ट होते, ब्रदरन होते, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट होते. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्टही बोलणी करत होते, पण ऐन वेळी ते बाहेर राहिले.

हे वेगळेपण आलं कुठून? आपल्या आजी-पणजीनं काही प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन यांची तुलना करून निवड केली नव्हती. ज्या भागात जे मिशन आलं, तिथले लोक त्या पंथाचे झाले. नागपूरला १८४५ साली स्कॉटलंडहून स्टीफन हिस्लॉप आले, म्हणून इथे स्कॉटिश परंपरा रुजली. इंग्रज अधिकारी आणि सैनिक यांच्याबरोबर अँग्लिकन परंपरा आली. भांडणं युरोपातली, पण भिंती आपल्या मोहल्ल्यात उभ्या राहिल्या. त्या पाडायला किती वेळ लागला? उत्तर भारतातल्या मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली आणि १९७० साली नागपूरला पूर्ण झाली. एक्केचाळीस वर्षं!

या एक्केचाळीस वर्षांत वाद कशावर झाले, हे आपण बायकांनी नीट समजून घ्यावं. बिशप असावेत की नसावेत? दीक्षा कुणी द्यायची आणि आधीची दीक्षा मानायची का? सगळ्यात अवघड प्रश्न बाप्तिस्म्याचा होता. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा, असं अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन मानत. कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच तो द्यावा, असं बॅप्टिस्ट मानत. यावरून युरोपात शेकडो वर्षांपूर्वी माणसांना ठार मारलं गेलं होतं. नागपूरला काय ठरलं? दोन्ही पद्धती चालतील. ज्याच्या सदसद्विवेकाला जे पटेल ते त्यानं करावं आणि तरीही एकाच मेजावर प्रभुभोजन घ्यावं.

मी हे मुद्दाम सांगते आहे. आम्ही मंडळीत बायकांचा काही प्रश्न काढला की लगेच उत्तर मिळतं, “ही परंपरा आहे, ती बदलता येत नाही.” ज्यांनी बाप्तिस्म्यासारख्या मूळ गोष्टीवर वाट काढली, त्यांना दानाचे पैसे मोजायला बायका बसवणं शास्त्राविरुद्ध वाटतं? मग ही अडचण शास्त्राची नाही. परंपरा बदलते, हे नागपूरनं स्वतः दाखवून दिलं आहे. कुणाला गरज वाटली की ती बदलते, एवढाच मुद्दा आहे. बाईला मारहाण झाली तर मंडळीनं काय करायचं, मंडळीच्या पैशाचा निर्णय कुणी घ्यायचा, हे प्रश्न ऐक्याच्या वाटाघाटींचे मुख्य प्रश्न कधीच नव्हते.

आता जरा मागे जाऊ. ख्रिस्ती घराण्याचा इतिहास सांगताना आपण म्हणतो, “आमचं घराणं अमुक साली ख्रिस्ती झालं.” ती तारीख बहुतेक वेळा पुरुषाची असते. त्याच्या बायकोची तारीख कोणती, हे कुणी विचारत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं उदाहरण घ्या. त्यांचं नागपूरशी जवळचं नातं होतं. इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थानं त्यांना ‘नवा करार’ दिला, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्या वेळी कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांचा संसार उधळला. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याबरोबर राहू लागल्या तरी त्यांनी धर्म लगेच बदलला नाही. सोवळंओवळं, शिवाशीव, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, या एकेका गोष्टीशी त्या स्वतःच्या मनात झगडल्या. जात ही माणसानं केलेली आहे, हे त्यांना त्यांच्या परीनं उमगलं आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे नवऱ्याच्या नव्या सुरुवातीनंतर पाच वर्षांनी बाईची स्वतःची सुरुवात झाली. शाळेत न गेलेल्या या बाईनं ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि १९३३ साली याच नागपुरात भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं.

लक्ष्मीबाईंचं नाव उरलं, कारण त्यांनी स्वतः लिहिलं. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचं काय? गावोगाव, वाडावस्तीत फिरून बायकांना अक्षरं शिकवणाऱ्या, बाळंतिणीजवळ बसणाऱ्या, तुटपुंज्या पगारावर आयुष्य काढणाऱ्या ज्या बाया होत्या, त्यांना मिशनच्या भाषेत ‘बायबलबाई’ म्हणत. गोऱ्या मिशनऱ्याला ज्या माजघरात पाऊल टाकता येत नव्हतं तिथे या बाया गेल्या. त्यातल्या कितीतरी विधवा होत्या, टाकलेल्या होत्या. अहवालांत अनेकींचं नावही नाही, फक्त ‘एक बायबलबाई’. मध्य भारतात मंडळी उभी राहिली ती मोठ्या प्रमाणात या बायांच्या पायांवर. पाळक मात्र पुरुष झाले.

आजचं चित्र काय आहे? कोणत्याही मंडळीत रविवारी सकाळी जाऊन बघा. वेदीवरची फुलं बाईनं लावलेली. पडदे तिनं धुतलेले. शब्बाथ शाळेत मुलांना शिकवायला ती. गायनवृंदात निम्म्याहून जास्त त्याच. घरोघरच्या प्रार्थनासभांत चहा-पोहे तिचे. कुणाच्या घरी मयत झाली तर तीन दिवस डबा पोचवणारी ती. कापणीच्या सणाला घरची भाजी, अंडी, भोपळे, पापड, लोणची आणून ती स्टॉल लावते. लिलावात तोच भोपळा दहापट किमतीला जातो, सगळे हसतात, मंडळीच्या खात्यात रक्कम जमा होते. मग ती रक्कम कशावर खर्च करायची हे पाळकसमिती ठरवते. त्या समितीत बायका किती आणि ज्या आहेत त्या बोलतात किती, हे प्रत्येक मंडळीनं मोजून बघावं.

मी मंडळीची टिंगल करत नाही. तीन दिवस डबा पोचवणारी माणसं आजच्या शहरात कुठे मिळतात? बाईला मंडळी हवी असते ती यासाठी. माहेर दूर, सासर विरोधात, शेजारी दार लावून बसलेले, अशा वेळी रविवारी जाऊन बसण्याची एक हक्काची जागा असते. ती जागा गेली की तिचं काय जातं, हे मला एका बहिणीच्या बाबतीत जवळून दिसलं.

तिचं नाव मी सांगणार नाही, मंडळीचंही नाही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दोन मुलींना घेऊन ती बहिणीकडे राहायला गेली. मंडळीतले वडीलजन भेटायला आले. प्रार्थना केली आणि क्षमा करण्याचा उपदेश केला. नवऱ्याकडेही गेले, तिथेही प्रार्थना केली. त्याला कुणी काही उपदेश केल्याचं मात्र ऐकिवात नाही. पुढच्या रविवारी उपासनेत तिचं नाव घेऊन ‘तिच्या मोडलेल्या घरासाठी’ प्रार्थना झाली. हेतू वाईट नव्हता. पण तिला न विचारता तिची गोष्ट भर सभेत मांडली गेली. नवरा नेहमीच्या बाकावर बसला होता. ती शेवटच्या बाकावर बसली, नंतर दाराजवळ, नंतर यायचीच बंद झाली. तिला कुणीही ‘येऊ नको’ म्हटलं नव्हतं. बाईला बाहेर काढायला ते म्हणावंच लागत नाही.

महिला मंडळातल्या चौघीजणींनी तेव्हा काही फार मोठं केलं नाही. त्या तिच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, “तू आमच्यात बस.” दर रविवारी एकजण तिला घ्यायला जायची, दोघी तिच्या दोन बाजूंना बसायच्या, मधल्या बाकावर. पाळकांना जाऊन सांगितलं की, तिच्या परवानगीशिवाय तिचं नाव प्रार्थनेत घ्यायचं नाही. पाळकांनी ऐकलं आणि तो नियम सगळ्यांसाठी केला. मग मंडळीची वार्षिक सभा आली आणि एक नवीच गोष्ट कळली. तिला मतच नव्हतं. वर्गणीची पावती कुटुंबाच्या नावे, म्हणजे नवऱ्याच्या नावे फाडलेली. नोंदवहीत कुटुंबप्रमुख तो आणि त्याच्या नावाखाली ‘पत्नी व दोन मुली’. घर सोडलं तेव्हा नोंदवहीतलं तिचं सभासदत्वही त्या घरातच राहिलं.

मैत्रिणींनो, रेशनकार्डावर हेच, सातबाऱ्यावर हेच आणि देवाच्या घरीही हेच! त्या चौघींनी मग एक ठरवलं. पुढच्या महिन्यापासून आपापली वर्गणी, भले थोडी असेना, स्वतःच्या नावे द्यायची आणि पावती स्वतःच्या नावे मागायची. पहिल्या रविवारी खजिनदार म्हणाले, “एकाच घरात दोन पावत्या कशाला?” एकीनं उत्तर दिलं, “स्वर्गात काय नवऱ्याच्या पावतीवर प्रवेश आहे?” लोक हसले, पण पावती फाडली गेली. हळूहळू पावत्या वाढल्या, मतदार वाढल्या. त्या बहिणीचं नाव आज नोंदवहीत स्वतंत्र आहे, मुलींची नावं तिच्या नावाखाली आहेत. याला मी नवी सुरुवात म्हणते.

आता कायद्याबद्दल. ख्रिस्ती बाईवर १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा लागू होता. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरे होतं. बायकोला नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर तिला घटस्फोट मिळत नव्हता. दावा चालू असताना मिळणाऱ्या पोटगीला नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाची मर्यादा होती. जिल्हा न्यायालयानं घटस्फोट दिला तरी उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागे. केरळ उच्च न्यायालयानं १९९५ साली आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७ साली यातला अन्याय मान्य केला. संसदेनं कायदा बदलला तो २००१ साली. क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं, परस्पर संमतीनं घटस्फोट आला, पोटगीची मर्यादा गेली. म्हणजे १३२ वर्षं लागली. आणि हे आपोआप झालं नाही. जॉइंट विमेन्स प्रोग्रॅमसारख्या स्त्री-संघटना आणि मंडळ्यांतले लोक यांनी एकत्र बसून वर्षानुवर्षं मसुदे केले, सरकारदरबारी खेटे घातले. चळवळ आणि मंडळी एकत्र आल्यावर काय होतं, याचं हे आपल्या समोरचं उदाहरण आहे.

वारसाहक्काचं उलट आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींना समसमान मिळतं. केरळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना हा हक्क मिळायला मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि १९८६ साली निकाल लागला. आपल्याकडे कायदा पहिल्यापासून समान आहे. पण किती बहिणींनी भावाचं मन राखायला हक्कसोडपत्रावर सही केली, हे आपापल्या घरात विचारून बघा. म्हणून म्हणते, नुसता कायदा पुरत नाही. सही करू नकोस, असं सांगणारी माणसं बाईच्या भोवती लागतात.

आणखी एक गोष्ट न बोलता पुढे जाता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली. दलित माणसानं धर्म बदलून नवी सुरुवात करणं म्हणजे काय, हे नागपूरला कुणी शिकवायला नको. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजातले कितीतरी लोकही याच अपमानातून बाहेर पडण्यासाठी मंडळीत आले. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. शिखांना तो १९५६ साली मिळाला, बौद्धांना १९९० साली. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. दलित ख्रिस्ती बाईवर अत्याचार झाला तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण तिला अनुसूचित जातीची म्हणून मिळत नाही. कागदावर तिची जात गेली. गावात गेली का? आणि मंडळीत तरी गेली का? जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन निघत नाही, लग्न ठरवायच्या वेळी ती कोरडी ठणठणीत वर येते. या प्रश्नावर बौद्ध बहिणी आणि ख्रिस्ती बहिणी या शहरात जितक्या एकत्र यायला हव्यात तितक्या आपण आलेलो नाही.

बदल होत नाही असं नाही. दक्षिण भारताच्या मंडळीत २०१३ साली पुष्पललिता या पहिल्या स्त्री बिशप झाल्या, आंध्रात नंद्यालला. आमच्या सी.एन.आय.मध्ये २०२४ साली व्हायोलेट नायक या ओडिशातल्या फुलबनीच्या बिशप झाल्या. नागपूरच्या त्या रविवारानंतर चौपन्न वर्षांनी! कॅथलिक मंडळीत बाईला धर्मगुरू होता येत नाही, पण भारताच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं २०१० साली स्त्री-पुरुष समतेचं धोरण जाहीर केलेलं आहे. ते किती धर्मग्रामांत वाचलं गेलं, हा प्रश्न तिथल्या बहिणींनी विचारायला हरकत नाही. बिशप बाई झाली याचा मला आनंद आहे. पण एका बाईच्या हातात दंड आला म्हणून शेवटच्या बाकावरची बाई आपोआप पुढे येत नाही.

तेव्हा करायचं काय? मंडळीतल्या बहिणींना माझं सांगणं: वर्गणीची पावती स्वतःच्या नावे घ्या. वार्षिक सभेला भाकऱ्या करत स्वयंपाकघरात राहू नका, सभेत बसा, त्या दिवशी जेवण पुरुषांना करू द्या. कापणीच्या सणाचा हिशोब मागा. मंडळीच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती असलीच पाहिजे. ती आहे का, फळ्यावर तिची नावं आहेत का, ते बघा. क्षमेचा उपदेश करायला कुणी आलं तर विचारा, आधी पश्चात्ताप कुणी करायचा? आणि बायकांनी गप्प बसावं असं कुणी पौलाच्या नावानं सांगितलं, तर त्याच पौलानं फिबी नावाच्या सेविकेची मंडळीला आदरानं शिफारस केली होती, हेही सांगा. पुनरुत्थानाची पहिली बातमी बायकांनी आणली आणि पुरुष शिष्यांनी तिच्यावर आधी विश्वास ठेवला नाही. तरी त्यांनी ती सांगितली.

चळवळीतल्या मैत्रिणींनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आपल्या बैठका रविवारी सकाळी ठेवू नका. हसू नका, यामुळे किती बायका आपल्यापर्यंत पोचत नाहीत ते तुमच्या लक्षात आलेलं नाही. दुसरं म्हणजे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे, हे सांगायला मंडळीच्या महिला मंडळात या. बोलावण्याची वाट बघू नका, आमच्यातल्या कुणालातरी निरोप द्या. पण तिथे येऊन ‘हे सगळं सोडून दे’ असं बाईला सांगू नका. तिनं आधीच एक घर सोडलेलं असतं. दुसरं सोडायला सांगण्याआधी, तिथे तिच्या शेजारी कोण बसेल ते बघा.

ऐक्य करताना सहा मंडळ्यांनी आपापली जुनी नावं सोडली, तरी कुणाला आपला विश्वास सोडावा लागला नाही. बाईलाही एवढंच हवं आहे. मंडळीनं तिच्याकडून श्रम घेतले आहेत, आता नोंदवहीत तिचं नाव लिहावं.

एवढं बोलून थांबते. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा, अडचणीचे असले तरी.